शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) जुन्या काळाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचे आजोबा अलिबागकडचे, आयुष्यभर शेकापचे. परवा माळ्यावरची ट्रंक उघडली तर त्यात घडी घालून ठेवलेला लाल बावटा निघाला, घड्यांच्या जागी पार विरलाय, आणि खटाऱ्याचं (बैलगाडीचं, पक्षाच्या निशाणीचं) चित्र असलेली एक मतदानाची चिठ्ठी, मागे आजोबांनी पेन्सिलीने घरोघरची नावं लिहिलेली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून पक्ष काढला, 1950 चा दाभाडी प्रबंध (पक्षाचं मार्क्सवादी धोरण मांडणारा दस्तऐवज), मग जेधे परत काँग्रेसमध्ये गेले, तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत 1957 ला पक्ष जोरात होता आणि 1977 ला तर लोकसभेत 5 खासदार, एवढं वाचलंय. गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले, 2024 ला विधानसभेत एकच जागा आली तीही सांगोल्याचीच. मला वाटतं नुसतं नेते सोडून गेले म्हणून पक्ष आटला असं नाही, साखर कारखाने आणि सहकारी बँका काँग्रेसच्या हातात गेल्या तिथेच गावातला माणूस तिकडे वळला, पण मग रायगड आणि सांगोला इतकी वर्षं कसे टिकले?

कोणाच्या घरी त्या काळातले कार्यकर्ते असतील तर प्लीज विचारून सांगा, त्यांच्या गावात पक्ष नेमका कधी आणि कशामुळे सुटला. दाभाडी प्रबंधाची जुनी छापील प्रत कुठल्या वाचनालयात बघायला मिळेल तेही सांगा, मी स्वतः जाऊन वाचेन. आणि बावटा आणखी विरू नये म्हणून कसा ठेवायचा?