सत्यशोधक पद्धतीने लग्न करतेय, आईला कसं समजावू?

प्रश्न: फेब्रुवारीत लग्न आहे. आम्हा दोघांना भटजी नको, कन्यादान तर नकोच. मी कुणाला दान द्यायची वस्तू नाही. आई म्हणते, "मंगलाष्टकांशिवाय लग्न कसलं गं?" तिचं रडणं बघवत नाही.

उत्तर: ताई, मंगलाष्टका आहेत की! सत्यशोधक समाज काढणाऱ्या जोतिराव फुल्यांनी स्वतः रचलेल्या, मराठीत. असं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला लागलं. आमच्या लग्नात अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या होत्या.

उत्तर: विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणार असाल तर ३० दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार.

प्रश्नकर्ती: काल आईला त्या मंगलाष्टका वाचून दाखवल्या. बायकांच्या अधिकारांसाठी झटेन, असं नवरदेव म्हणतो तिथे तिने थांबवलं. म्हणाली, "परत वाच."