शब्दचर्चा : धातुकाची ‘भरडाई’ की ‘दळण’?

प्रश्न : तुमसर तालुक्यातून लिहितो आहे. आमच्याकडची पोरं डोंगरी बुजुर्ग, चिखला इथल्या मँगनीज खाणींत कामाला जातात. त्यांच्यासाठी खनिज प्रक्रियेची टिपणं मराठीत करतोय. क्रशिंग आणि ग्राइंडिंग, दोन्हींना ‘बारीक करणे’ म्हटलं तर फरकच उरत नाही. शिवाय ग्राइंडिंगच्या मॅथेमॅटिकल मॉडेलला काय म्हणावं?

उत्तर : भाऊ, शब्द तुमच्या जिल्ह्यातच आहेत. धानाची भरडाई होते, गव्हाचं दळण. तूर भरडली की डाळ, दळली की पीठ. दगडाचे क्रशरमध्ये लहान तुकडे होतात ती भरडाई. बॉल मिलमध्ये पोलादी गोळ्यांच्या माराखाली भुकटी होते ते दळण. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या तांब्याला दळण चुकत नाही, कारण तिथं दळलेला माल पाण्यात घालून फेसाच्या मदतीनं तांबं वेगळं काढतात, आणि तांब्याचं खनिज दगडातून सुटं झाल्याशिवाय फेसाला चिकटून वर येत नाही.

मॉडेलला ‘गणिती प्रतिमान’ रूढ आहे, पण पोरांना आधी हिशेब दाखवा. दळायला किती वीज लागेल ते सांगणारं, अभियंता फ्रेड बाँड यांचं 1952 चं सूत्र घ्या. धातुकाचा (धातू असलेल्या खाणीतल्या दगडाचा) कार्यांक, म्हणजे तो दळायला किती कठीण याचा आकडा, टनाला 12 युनिट धरला आणि माल 10,000 मायक्रॉनांवरून (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) 100 वर आणला (80 टक्के माल त्याहून बारीक, या अर्थानं), तर टनामागं 10.8 युनिट वीज लागते. तोच 64 वर न्यायचा तर 13.8. गरजेपेक्षा बारीक दळलं की ही 3 युनिटं वाया, वर अतिबारीक गाळातलं तांबं फेसात नीट सापडत नाही ते वेगळं. याला मी ‘अतिदळण’ म्हणतो.

प्रश्न : हो जी, हे पटलं. पण पुढं ‘सिलेक्शन फंक्शन’ येतं. ‘निवड फलन’ लिहू?

उत्तर : नका लिहू. गिरणीत कुणी काही निवडत नाही. प्रतिमानात मालाचे आकारगट पाडतात. एखाद्या गटातला माल किती वेगानं फुटतो ते सांगणारी ही संख्या, म्हणून ‘फुटीचा दर’. फुटल्यावर तुकडे कोणकोणत्या गटांत किती जातात ते ‘ब्रेकेज फंक्शन’. त्याला ‘तुकड्यांची वाटणी’ म्हणा. प्रत्येक गटात वरून आलेला आणि फुटून खाली गेलेला माल मांडला की पूर्ण गिरणीचा ताळेबंद तयार होतो. गोळे लहान घेतले, माल जास्त सोडला, तर काय निघेल हे गिरणीला हात लावण्याआधी संगणकावर पाहता येतं. मात्र फुटीचा दर त्याच धातुकाच्या चाचणीतून काढावा लागतो. दुसऱ्या खाणीचे आकडे उचलले तर प्रतिमान चुकीचं उत्तर देतं.

आणखी एक उत्तर : ‘कार्यांक’ पोरांना जड जाईल. ‘दळायला किती कठीण’ असं एकदा लिहा, मग कंसात ‘कार्यांक’. परीक्षेत तोच शब्द येईल.