गर्दी आहे, पण पिशव्या हलक्या

वर कुणी लिहिलंय की सांगलीच्या बाजारात गर्दी परतली, म्हणजे मंदी सरली. मला नाही पटत. गणपती पेठेत आमचं किराणा दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माल गेला, सावरतोय तोवर २०२० चं लॉकडाऊन, आणि जुलै २०२१ ला पुन्हा पाणी! गिऱ्हाईक येतं हो, पण १५ किलोचा तेलाचा डबा नेणारी घरं आता लिटरची पिशवी मागतात. महिन्याची यादी जाऊन पाव किलो तूरडाळ, शंभर ग्रॅम चहापूड. काल एका मावशींनी उधारी विचारली. त्यांच्या मुलाला कुपवाडच्या कारखान्यात आठवड्यातून चारच दिवस काम मिळतंय. मी वही उघडलीच नाही. म्हटलं, दिवाळीनंतर बघू.