घड्याळातला हिरवा दिवा आणि घाम

"स्मार्ट घड्याळामागचा हिरवा दिवा घामातली साखर सांगेल का?" असं एकाने विचारलंय. नाही हो. तो दिवा कातडीखालच्या रक्ताची ये-जा टिपतो. घामाचा त्याला उलट त्रासच होतो.

प्रकाशाने घाम वाचायची तऱ्हा निराळी, बरीचशी शाळेतल्या लिटमस कागदासारखी. अमेरिकेत संशोधक जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१६ साली दाखवलेली पट्टी घ्या. मऊ सिलिकोनची, हाताला चिकटणारी, बॅटरी नाही. घाम ग्रंथींच्या स्वतःच्या दाबाने बारीक नळ्यांत चढतो आणि छोट्या कप्प्यांत शिरतो. तिथल्या रसायनांचा रंग क्लोराइड (मिठातला घटक), लॅक्टेट (स्नायू राबले की तयार होणारा पदार्थ), ग्लुकोज म्हणजे साखर आणि आम्लतेप्रमाणे बदलतो. नागमोडी नळीत घाम कुठवर पोचला, त्यावरून तो किती आला ते कळतं. मग फोनने फोटो काढायचा. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात रंग वेगळा दिसणारच, म्हणून पट्टीवरच काळ्या-पांढऱ्या खुणा छापलेल्या असतात. त्यांच्याशी ताडून फोन रंग दुरुस्त करतो. मला तर ही साधी युक्तीच सगळ्यात आवडली.

क्लोराइडचं काम भरवशाचं. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराचं निदान आजही घामातल्या क्लोराइडवरून होतं. लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त निघालं की तो आजार असण्याची दाट शक्यता.

साखरेचं मात्र अवघड आहे. घामात ती रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी, त्यात कातडीवरची भेसळ. जिलबी खाल्लेल्या बोटांनी पट्टी लावलीत तर काय आकडा येईल बघा! तेव्हा घरातला रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर सध्या टाकू नका.