पेनड्राईव्हवरची अनोळखी ईएक्सई वाईनमधे चालवायचीय, पण भरवसा नाही

रविवार_कारंजा_डीटीपी:
नमस्कार मंडळी. मामांचं रविवार कारंज्याजवळ डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, बॅनर सगळं. जुनं मॅटर सगळं श्रीलिपीत (युनिकोड नसलेले जुने फॉन्ट) आणि आता प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं व्हॉट्सॲपवर टाका, म्हणजे युनिकोड पाहिजे. एकाने पेनड्राईव्हवर कन्व्हर्टर दिलाय, नाव ना गाव, नुसती एक ईएक्सई. दुकानात लिनक्स मिंट आहे (मीच टाकलं, मामा अजून ऐकवतात) म्हणून वाईनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवतं ते) चालवणार. अडचण अशी की त्याच मशीनवर लोकांचे आधार, पॅन, सातबारे स्कॅन करून पडलेत, निम्मे होममधे आणि निम्मे दुसऱ्या डिस्कवर. मला वाटायचं वाईन म्हणजे विंडोज आपलं वेगळं कोपऱ्यात राहतं, पण मित्र म्हणाला असं काही नसतं. टर्मिनलवरून त्याला कोंडून चालवायची काही सोय आहे का? रॅम ४ जीबी, त्यामुळे जड काही सांगू नका.

सिडकोचा_पेंग्विन:
मित्र बरोबर बोलला. वाईन हा सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रामला कोंडायची जागा, नाहीच. वाईनमधे झेड ड्राईव्ह उघडून बघ, तुझी अख्खी रूट डिरेक्टरी तिथे दिसेल. आणि झेड काढून टाकला तरी फार फरक पडत नाही, कारण प्रोग्राम शेवटी तुझ्याच युजरच्या नावाने चालतो, जे तुला वाचता येतं ते त्यालाही येतं.

फायरजेल टाक, प्रोग्रामला कोंडून चालवणारं टूल आहे, ॲप्टने होतं. लिनक्सच्या कर्नलमधेच नेमस्पेस (प्रोग्रामला सिस्टमचा ठराविक भागच दाखवते) आणि सेककॉम्प (कर्नलकडे काय मागता येईल त्यावर बंधन घालते) म्हणून सोयी आहेत त्याच वापरतो, त्यामुळे रॅम जवळजवळ काहीच खात नाही. होममधे डब्बा नावाचा फोल्डर कर, त्यात ईएक्सई आणि लागेल तेवढंच मॅटर कॉपी कर आणि हे चालव (फोनवरून लिहितोय म्हणून मराठीत, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजीत टाक):

फायरजेल --नेट=नन --प्रायव्हेट=~/डब्बा --डिसेबल-एमएनटी वाईन ~/कन्व्हर्टर.ईएक्सई

नेट ननने त्याला फक्त लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणं) उरतो, वायफाय-बियफाय काही दिसत नाही. प्रायव्हेटने डब्बा हाच त्याच्यासाठी होम होतो, खरं होम गायब. आणि तिसरा ऑप्शन विसरू नको, बरेच जण तिथेच फसतात: प्रायव्हेट फक्त होम झाकतो, तुझी दुसरी डिस्क मीडिया किंवा एमएनटीखाली माउंट असेल तर ती तशीच उघडी राहते. एफएसटॅबमधून (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती फाइल) दुसरीकडेच कुठे माउंट केली असशील तर त्या पाथला --ब्लॅकलिस्ट वेगळा दे.

माझ्या शब्दावर जाऊ नको. तीच कमांड शेवटी वाईन आणि ईएक्सईच्या जागी नुसतं बॅश लिहून चालव, आत गेल्यावर एलएस मारून आधारचे स्कॅन दिसतात का बघ, मग आयपी ए मार, नुसता लूपबॅक दिसला पाहिजे. हे बघितल्याशिवाय ईएक्सईला हात लावू नको.

अंबड_एमआयडीसी_नाईटशिफ्ट:
एवढं कशाला, व्हर्च्युअलबॉक्समधे विंडोज टाक, नेटवर्क ॲडॅप्टर बंद कर, विषय संपला. नाहीतर एखाद्या विंडोज प्रो मशीनवर विंडोज सँडबॉक्स चालू कर, २०१९ पासून दहामधे आहे, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. होम एडिशनमधे मात्र मिळत नाही.

सिडकोचा_पेंग्विन:
४ जीबीत विंडोजची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवणार आणि बाहेर मामा कोरलसाठी ओरडणार. व्हीएम जास्त पक्की हे मान्य, तिचा कर्नल वेगळा असतो, इथे कर्नल एकच. पण एका कन्व्हर्टरसाठी?

गंगापूररोड_रूट:
दोन गोष्टी राहिल्या म्हणून लिहितो. पहिली, फायरजेल स्वतः सेटयुआयडी रूट आहे, कोणीही चालवलं तरी रूटच्या अधिकाराने चालतं, म्हणजे त्याच्यातच भोक निघालं तर चोराला थेट रूट. २०२२ मधे त्याच्या जॉइन ऑप्शनमधे नेमकं तसंच भोक सापडलं होतं, ०.९.७० मधे बुजवलं. तेव्हा अपडेट टाळू नका. मी स्वतः बबलरॅप वापरतो, तसंच कोंडणारं दुसरं टूल, फ्लॅटपॅकच्या (लिनक्सवर ॲप टाकायची एक पद्धत) पोटात तेच आहे. त्याचा स्वभाव उलटा, आत सुरुवातीला काहीच नसतं, युएसआर रीड-ओन्ली द्यायचं, एक फोल्डर लिहायला द्यायचा, असं एकेक हाताने आत सोडायचं. कमांड हातभर लांब होते, पण जे दिलं नाही ते आत नाहीच. उबंटू २४.०४ वर सेटिंग अप युआयडी मॅप, परमिशन डिनाइड असा एरर आला तर घाबरू नका, तिथे ॲपआर्मरने (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) साध्या युजरच्या नेमस्पेसवर बंधन घातलंय, बबलरॅपला वेगळी प्रोफाइल द्यावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती कोणी बोललं नाही. मिंटचं सिनॅमन (डेस्कटॉप) डीफॉल्टला एक्स ११ वर चालतं, म्हणजे खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणारी जुनी यंत्रणा. एक्स ११ मधे कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत टाइप केलेलं ऐकू शकतो, खोटं वाटत असेल तर एक्सइनपुट टेस्ट चालवून ब्राउझरमधे टाइप करा, टर्मिनलमधे एकेक की पडताना दिसते. फोल्डर झाकून याचं काही होत नाही.

सिडकोचा_पेंग्विन:
पण नेट बंद असताना ऐकून पाठवणार कुठे?

गंगापूररोड_रूट:
पाठवायची गरजच नाही ना. एक्स ११ मधे खोट्या की दाबताही येतात. शेजारी तुमचं उघडं टर्मिनल असेल तर त्यात तो स्वतः कमांड टाइप करेल, आणि ते टर्मिनल डब्याच्या बाहेर आहे, त्याला नेटही आहे. म्हणून झेफर (एक्स ११ च्या आत वेगळा एक्स ११ उघडतं) टाकायचं आणि त्याच कमांडमधे --एक्स११=झेफर जोडायचं, मग त्याला वेगळाच स्क्रीन मिळतो. कॉपी-पेस्ट नीट चालत नाही, फाइलमधूनच काम करायचं.

रविवार_कारंजा_डीटीपी:
सगळ्यांचे आभार, काल दुकान बंद झाल्यावर बसलो. आधी बॅशने बघितलं तर होममधे फक्त डब्ब्यातलं दिसत होतं पण दुसरी डिस्क पूर्ण दिसत होती, मी कधीकाळी ती सरळ रूटखाली डेटा नावाने माउंट केली होती आणि विसरलो होतो. ब्लॅकलिस्ट टाकल्यावर परमिशन डिनाइड आलं, मग जीवात जीव आला.

वाईनने मोनो (विंडोजच्या डॉटनेट प्रोग्रामना लागतं ते) डाउनलोड करू का विचारलं, नेट नाही म्हणून कॅन्सल केलं, तरी चाललं. मॅटर सगळं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसत होतं, अर्ध्या तासाने ट्यूब पेटली की श्रीलिपीचे फॉन्ट माझ्या खऱ्या होममधे आहेत आणि ते तर झाकलंय. डब्ब्यात .फॉन्ट्स फोल्डर करून त्यात टाकले, मग शुभविवाह दिसलं. आणि एक गाढवपणा केला, एकदा घाईत प्रायव्हेटच्या पुढे डब्बा लिहायचा राहिला, आत ३० पत्रिका कन्व्हर्ट करून सेव्ह केल्या, खिडकी बंद केली आणि सगळं गेलं. नुसता प्रायव्हेट असेल तर ते होम मेमरीतच असतं हे नंतर मॅन पेजमधे वाचलं. परत बसून केल्या, रात्रीचे १२ वाजले.

कन्व्हर्टर काम बरं करतो, रफार तेवढे हाताने सुधारावे लागतात. पण दर वेळी उघडल्यावर सर्व्हर सापडत नाही असा मेसेज देतो. ओके दाबलं की चालतो. फॉन्ट बदलायला याला सर्व्हर कशाला लागतो?

अंबड_एमआयडीसी_नाईटशिफ्ट:
लायसन्स चेक असेल कदाचित.

गंगापूररोड_रूट:
असेल. पण नेट चालू करून बघायची हौस करू नका, तो सर्व्हरशिवाय चालतोय ना.