कैरोतल्या पोरांबरोबर भटकंती
वर कुणीतरी विचारलंय की कैरोत शिकवायला गेलेल्या बाहेरच्या मास्तराने सुट्टीत पिरॅमिड सोडून करायचं काय, तर पोरं नेतील तिकडे जा हो! मी तिथे इंग्रजी शिकवायचो तेव्हा शम्म अल-नसीमला (कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चनांच्या ईस्टरनंतरचा सोमवार, मुसलमान-ख्रिश्चन सगळेच बाहेर पडतात) अख्खा वर्ग मला नाईलवरून बोटीने कनातिरला घेऊन गेला, तिथे 19व्या शतकातले बंधारे आणि मस्त बागा आहेत. बोटीत फुल्ल आवाजात गाणी, आणि 'या मिस्टर' (अरबीत 'अहो मिस्टर') नाचा म्हणून गलका. रंगवलेली अंडी, कांद्याची पात इथवर ठीक, पण फिसीख म्हणजे मिठात आंबवलेला बोय मासा, त्याच्यापुढे आपला सुका बोंबील अत्तर वाटतो! पोरं मात्र लिंबू पिळून रोटीबरोबर हाणत होती. आणि खर्चाचे पैसे तुम्ही द्यायला गेलात तर चक्क भांडतात, तेवढी तयारी ठेवा.