मदत हवी आहे : रेंडर करताना ग्राफिक्स कार्ड ८६ अंशांपर्यंत तापते

नमस्कार. मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ राहतो आणि घरच्या संगणकावर लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे) सुरू केल्यावर दहा मिनिटांत ग्राफिक्स कार्ड ८६ अंश सेल्सिअसवर जाते, मग ते स्वतःच क्लॉक स्पीड (काम करण्याचा वेग) कमी करते आणि थंडीत ४० मिनिटांत होणारे काम तासाभरावर लांबते.

रविवारी कॅबिनेट उघडले, तेव्हा हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये हळदीची पिवळसर धूळ चिकटून बसलेली दिसली (हंगामात आमच्या खिडकीच्या गजांवरही तीच असते). पंखा बोटाने अडवून धरून ब्लोअरने ती काढली, तरी तापमान जेमतेम ४ अंशांनी उतरले. बाजूचे झाकण काढल्यास आणखी ६ अंश कमी होतात, त्यावरून हवा आत येण्याची वाट अपुरी असावी असे वाटते; मात्र झाकण उघडे ठेवले तर धुळीला आमंत्रणच.

आता समोर जाळीच्या फिल्टरसह पंखा बसवावा, की आधी थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलावी? पेस्टसाठी कार्ड उघडताना मेमरी चिपवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) फाटले आणि नव्या पॅडची जाडी चुकली, तर हीटसिंक नीट टेकणार नाही, म्हणून कचरतो आहे. अंडरव्होल्टिंग (कार्डाला मिळणारे व्होल्टेज थोडे कमी करणे) करून रोजचे रेंडर निर्धोक चालवणाऱ्यांनी आपला अनुभव कृपया सांगावा.